मी इथली परप्रांतीय

मोठी पोस्ट आहे. रविवारी निवांत वाचा, नाहीतर सोडून द्या.

२०२५ च्या जुलैत माझ्या फोनवर दोन प्रकारचे व्हिडिओ येत होते. गावाकडच्या ग्रुपवर मीरा रोडच्या दुकानदाराची ती क्लिप, त्यावरून पेटलेली भांडणं, पहिलीपासूनच्या हिंदीचे जीआर मागे घेतल्याचा आनंद, ५ जुलैचा वरळीचा मेळावा. आणि इथे जपानमध्ये वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीचा प्रचार. त्यात सान्सेइतो नावाच्या पक्षाची घोषणा होती, 'निहोंजिन फासुतो'. जपानी माणूस आधी. २० जुलैला मतदान झालं आणि त्या पक्षाचे १४ जण निवडून आले.

एका सकाळी मी ट्रेनमधून उतरले तेव्हा कानातल्या इअरफोनवर एक वक्ता सांगत होता, महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. जिना उतरून बाहेर आले तर स्टेशनच्या चौकात गाडीवर उभा राहून दुसरा वक्ता सांगत होता, परदेशी लोक फार वाढलेत, आधी आपल्या माणसांचं बघा. मी मान खाली घातली आणि पटपट चालायला लागले.

शाळेत पोचून बूट बदलताना माझं मलाच विचित्र वाटलं. पाच मिनिटांत मी भूमिपुत्राची परप्रांतीय झाले होते. आणि गंमत म्हणजे दुसरं भाषण मला कळलं होतं. सहा वर्षांपूर्वी आले तेव्हा यातलं अक्षर कळलं नसतं, मजेत हात हलवून पुढे गेले असते. भाषा शिकल्याचा हाही एक तोटा.

जे नवीन जोडले गेलेत त्यांच्यासाठी सांगते. मी टोकियोला लागून असलेल्या चिबा प्रांतात, एका शहरातल्या नगरपालिकेच्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवते. या पदाला इथे 'एएलटी' म्हणतात, म्हणजे सहायक भाषा शिक्षक. १९८७ साली सरकारने जेट नावाची योजना काढून परदेशी तरुणांना शाळाशाळांत आणलं, तिथून हे सुरू झालं. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास. तेवढी माणसं लागतात, म्हणून बऱ्याच नगरपालिका कंपन्यांकडून कंत्राटावर घेतात. मीही त्यातलीच. करार मार्चअखेर संपतो, एप्रिलमध्ये झाला तर नवा होतो, शाळा बदलू शकते. आपल्याकडे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझं आडनाव काळे. परदेशी नावं काताकाना लिपीत लिहितात आणि तिच्यात ळ नाहीच, ल सुद्धा नाही, सगळ्यांना मिळून एक र. त्यामुळे मी झाले 'कारे'. जपानीत कारे म्हणजे 'तो'. आणि शेवट जरा लांबवला की होते कारेऽ, म्हणजे करी, आपली रस्सा-भात करी. भारतातून आलेली बाई, तिचं नाव करी सेन्सेई! चौथीच्या वर्गात पहिल्या दिवशी जो हशा पिकला तो अजून पूर्ण थांबलेला नाही. शाळेच्या जेवणात करी-भात असला की शंभर डोळे माझ्याकडे. मी पण आता पोरांना रासबिहारी बोसांची गोष्ट सांगते. १९१५ साली इंग्रजांपासून पळून आलेल्या या माणसाला टोकियोतल्या शिंजुकुच्या नाकामुराया बेकरीवाल्या जोडप्याने लपवून ठेवलं, पुढे जावई करून घेतलं आणि १९२७ मध्ये त्याच दुकानात भारतीय पद्धतीची करी मिळायला लागली. परप्रांतीयाला घरात घेतलं की निदान जेवण सुधारतं, हा माझा त्यावरचा विनोद. जपानीत तो नीट जमत नाही.

आता रोजचा दिवस. कारण जपानी शाळेबद्दल आपल्याकडे व्हॉट्सअपवर जे फिरतं ते वाचून मला कधी हसू येतं, कधी राग येतो. 'जपानच्या शाळेत शिपाई नसतो, मुलं स्वतः संडास धुतात.' अहो, माणूस असतो. त्याला योमुइन म्हणतात. तो कुंपण कापतो, तुटलेली बाकं दुरुस्त करतो, बर्फ पडला तर फाटकापासून वाट मोकळी करतो. मुलं रोज पंधरा-वीस मिनिटं सफाई करतात हे खरं. गुडघ्यावर बसून ओल्या फडक्याने वर्ग पुसतात, आणि त्यातली निम्मी त्या फडक्यावरून घसरगुंडी खेळत असतात, हेही खरं. जेवण वर्गातच होतं. पांढरे एप्रन आणि टोप्या घातलेली मुलं वाढतात आणि शिक्षक त्यांच्यातच बसून जेवतो. ही गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. वाढप्याची पाळी असलेल्या पोराच्या चेहऱ्यावर लग्नातल्या पंगतीतल्या काकांचा रुबाब असतो.

जे फॉरवर्डमध्ये येत नाही ते असं. इथल्या शिक्षकांचं कंबरडं मोडलंय. १९७१ च्या एका कायद्याने सरकारी शाळेतल्या शिक्षकाला जादा कामाचे पैसे मिळत नाहीत, त्याऐवजी पगाराच्या ४ टक्के रक्कम मिळायची, मग तो कितीही तास थांबो. पन्नासहून जास्त वर्षं हा आकडा हलला नाही. जून २०२५ मध्ये कायदा बदलला आणि टप्प्याटप्प्याने, २०३१ पर्यंत, तो १० टक्के होणार आहे. आमच्या उपमुख्याध्यापकांना मी कधी शाळेत येताना किंवा जाताना पाहिलेलं नाही. ते असतातच. आणि शाळेत न जाणारी मुलं! प्राथमिक आणि माध्यमिक मिळून २०२४ च्या शैक्षणिक वर्षात साडेतीन लाखांच्या वर मुलांनी शाळेकडे पाठ फिरवल्याची सरकारी नोंद आहे. फडकं घेऊन वर्ग पुसणाऱ्या मुलांचे व्हिडिओ बघताना हे पण लक्षात असू द्या.

मी वाहवत चालले. मूळ विषय भाषेचा होता.

पहिल्या वर्षी आमच्या गल्लीत एक लाकडी पाटी आली. 'कायरानबान' म्हणतात तिला. वस्तीच्या मंडळाच्या सूचना तिला लावलेल्या असतात, आपण वाचायच्या, सही किंवा शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायची. मला काय कळणार? पाटी दोन दिवस माझ्या ओट्यावर पडून राहिली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी दारात. सत्तरीच्या पुढच्या. वाकून वाकून काहीतरी म्हणाल्या, मी वाकून वाकून माफी मागितली, पाटी देऊन टाकली. रात्री झोप लागली नाही. आता गल्लीत माझं नाव झालं असेल, असं वाटत राहिलं.

पुढच्या वेळी पाटी आली तर तिच्यावरच्या प्रत्येक कांजीच्या डोक्यावर पेन्सिलने बारीक अक्षरात हिरागाना लिहिलेली होती. लहान मुलांच्या पुस्तकात असते तशी. त्याला फुरिगाना म्हणतात. कांजीचा उच्चार कळला की शब्दकोशात शोधता येतो. आजींनी पूर्ण पानभर ते लिहिलं होतं. मी तेव्हा शब्द शोधत शोधत तासाभरात एक सूचना वाचली. भूकंपाच्या सरावाची तारीख होती.

मी त्यांना विचारलं नाही की का लिहिलंत. त्यांनीही कधी विषय काढला नाही. पाच वर्षं झाली, अजून पेन्सिलीची अक्षरं येतात. आता मला बहुतेक कांजी वाचता येतात हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

त्याच सुमारास मला कोमिनकानमधला वर्ग सापडला. कोमिनकान म्हणजे आपलं समाजमंदिर समजा, नगरपालिकेचं. दर शनिवारी सकाळी दोन तास, शंभर येन चहापाण्याचे. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त. माझे गुरुजी आयुष्यभर रेल्वेत होते. इंग्रजीचा एक शब्द त्यांनी कधी वापरला नाही. मी 'हाशि' म्हटलं की ते टेबलावर दोन गोष्टी काढायचे, एक पूल आणि एक जेवायच्या काड्या. शब्द एकच, फक्त सूर वेगळा. मी चुकीचा सूर लावला की ते चित्रातला पूल उचलून तोंडात घालायचं नाटक करायचे. माझ्या शेजारी एक व्हिएतनामी मुलगी, पलीकडे पेरूचा कारखान्यातला कामगार, मागे फिलिपिन्सची एक सून. 'त्सु' म्हणताना त्या तिघांची तारांबळ उडायची, मला मात्र तो लगेच जमला. चमच्यातला च! मराठीचा मला जपानमध्ये झालेला पहिला उघड फायदा.

हा वर्ग म्हणजे जपानी लोकांच्या अंगच्या चांगुलपणाचा चमत्कार, असं मात्र समजू नका. यामागे एक वाईट आठवण आहे. १७ जानेवारी १९९५ ला कोबे भागात मोठा भूकंप झाला तेव्हा परदेशी लोकांना सूचनाच कळल्या नाहीत. पाणी कुठे, निवारा कुठे, काही नाही. सगळ्या भाषांत भाषांतर करायला वेळ नव्हता. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातल्या भाषाअभ्यासकांनी 'यासाशी निहोंगो' म्हणजे सोपी जपानी तयार केली. वाक्य लहान. एका वाक्यात एकच गोष्ट. आदरार्थी अलंकार काढून टाका. 'उंच जागी स्थलांतर करावे' असं म्हणू नका, 'उंच जागी पळा' म्हणा. कांजी असेल तर वर फुरिगाना द्या. १ जानेवारी २०२४ ला नोतोचा भूकंप झाला तेव्हा टीव्हीच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात, कांजी न वापरता, 'पळा' असंच लिहून येत होतं. २०१२ पासून एनएचके सोप्या जपानीत बातम्या देते. २०१९ मध्ये संसदेने कायदा केला की परदेशी माणसाला जपानी शिकता यावं याची जबाबदारी केंद्र आणि स्थानिक सरकारची आहे. २०२० मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी सोप्या जपानीची मार्गदर्शिका आली.

कायदा झाला, जबाबदारी लिहिली, तरी माझ्या शहरात शिकवतात ते सत्तरीचे आजोबाच, तेही फुकट. सरकारने परदेशी मजूर मागवायचे आणि त्यांना भाषा शिकवायचं काम पेन्शनरांच्या गळ्यात घालायचं, असा हा स्वस्तातला सौदा आहे. माझ्या गुरुजींचे गुडघे गेलेत, वर्गात गेल्या दोन वर्षांत एकही नवा शिकवणारा आलेला नाही.

आता त्या पोराची गोष्ट, जिच्यामुळे ही पोस्ट लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वी पाचवीत नेपाळचा एक मुलगा आला. वडील एका 'इंडियन' हॉटेलात तंदूरवर. (जपानमधली निम्मी-अर्धी इंडियन हॉटेलं नेपाळी चालवतात, हे आता इथल्या पोरांनाही माहीत आहे.) मुलाला जपानीचा गंध नाही. आठवड्यातून दोनदा एक बाई येऊन त्याला वेगळं बसवून जपानी शिकवायच्या, बाकी वेळ तो वर्गात नुसता बसलेला. माझ्या तासाला त्याला सगळ्यांपेक्षा चांगलं इंग्रजी यायचं, पण तो मुद्दाम चुकायचा. इतर पोरं 'आप्पुरू' म्हणायची तर हाही 'आप्पुरू'. पहिल्यांदा मला वाटलं थट्टा करतोय. मग कळलं, त्याला वेगळं दिसायचं नव्हतं.

जून आला, पोहण्याचे तास सुरू झाले. त्याला एक 'पूल कार्ड' लागतं. रोज सकाळी घरी ताप मोजायचा, आकडा लिहायचा आणि आईबापाचा शिक्का मारून पाठवायचं. शिक्का नसेल तर मूल पाण्यात नाही. हा पोरगा रोज काठावर बसायचा. गुडघे पोटाशी घेऊन, टॉवेल डोक्यावर. वर्गशिक्षिकेला वाटलं पाण्याला घाबरतो. इतर पोरांना वाटलं आजारी आहे. जून गेला, अर्धा जुलै गेला, सुट्टी लागायला आठवडा उरला. मी सहज त्याच्या दप्तरातून बाहेर आलेलं कार्ड बघितलं, तर कोरं. सगळे रकाने कोरे.

मी त्याला हिंदीत विचारलं. तो रडायला लागला. म्हणाला, पप्पांना विचारलं होतं, त्यांना हा कागद कळला नाही, त्यांनी फोनवर भाषांतर केलं तर काहीतरी तलावाच्या परवान्याचं आलं, ते घाबरले, म्हणाले कशावर सही करू नकोस.

त्या संध्याकाळी वडिलांना शाळेत बोलावलं आणि स्टाफरूममध्ये मी दुभाषी म्हणून बसले. उपमुख्याध्यापक जपानीत बोलायचे, मी हिंदीत सांगायचे. विचार करा! पहिलीपासून हिंदी नको म्हणून इथून पोस्टी लिहिणारी मी, आणि जपानच्या सरकारी शाळेत एका घाबरलेल्या बापाशी हिंदीत बोलतेय. मला लाज नाही वाटली. हिंदी सक्तीला विरोध होता आणि आहे. पण त्या दिवशी ज्या भाषेने काम झालं ती हिंदी होती, हे लिहायला पाहिजे.

पोरगा शेवटचे दोन तास पाण्यात गेला. मग पूल बंद झाला.

मी उपमुख्याध्यापकांना म्हटलं, पालकांना जाणारे कागद सोप्या जपानीत काढू या, फुरिगाना घालू या. ते म्हणाले, 'केन्तो शिमासु.' विचार करतो. आपल्या 'बघू या'चा हा सख्खा भाऊ. सप्टेंबरमध्ये मात्र सहलीचा कागद आला, प्रत्येक कांजीवर फुरिगाना. मी खूश झाले. नंतर कळलं की वर्गशिक्षिकेने आपल्या मनाने ते केलं होतं, रात्री आठपर्यंत थांबून. तेच ४ टक्क्यांत. तेव्हापासून 'व्यवस्थेने संवेदनशील व्हायला हवं' असलं वाक्य वाचलं की मी पहिल्यांदा विचारते, कुणी थांबायचं रात्री आठपर्यंत?

त्या रात्री मला भोसरी आठवली.

इथे यायच्या आधी मी भोसरीत मराठी माध्यमाच्या शाळेत सहा वर्षं शिकवत होते. एमआयडीसीचा भाग. वर्गात पाच-सात पोरं यूपी-बिहारची असायचीच. आईबाप वर्कशॉपमध्ये, आणि पोरं आमच्याकडे, कारण फी नाही, जेवण आहे, घराजवळ आहे. त्यातला एक चौथीतला बिहारचा मुलगा. 'मी शाळेत जातो' हे वाक्य वाचायला उभा केला. त्याच्या भाषेत ळ नव्हता, आणि श चा स व्हायचा. तो म्हणाला, 'मी सालेत जातो.' वर्ग फुटला. आणि मी, बाई, मीपण हसले. परत म्हण म्हटलं. तो परत तेच म्हणाला. परत हशा. तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही. त्यानंतर माझ्या तासाला तो मराठीत बोलला नाही, मी विचारलं तर मान हलवायचा. दिवाळीनंतर आला नाही. गावी गेले असतील, असं हजेरीपटावर धरून चाललो.

इथे मी करी सेन्सेई म्हणून रोज हसून घेते. मी चाळिशीची बाई आहे, मला पगार मिळतो, मला हसता येतं. तो नऊ वर्षांचा होता.

आता मला जे म्हणायचंय ते स्पष्ट म्हणते. महाराष्ट्रात येऊन राहणाऱ्याने मराठी शिकावी, या मागणीत मला काडीचं गैर वाटत नाही. 'देश एक आहे, मग मराठी कशाला' म्हणणाऱ्यांनी एक वर्ष टोकियोच्या कुठल्याही उपनगरात राहून दाखवावं. इथे बँकेत, दवाखान्यात, कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा यात, पदोपदी भाषा लागते आणि कुणी दिलगिरी व्यक्त करत नाही. त्यातूनच माणूस शिकतो. आपण मात्र रिक्षात बसताबसता 'भय्या, चलोगे क्या' म्हणतो, तो बिचारा मराठी बोलायला लागला तरी आपण हिंदी सोडत नाही आणि मग संध्याकाळी फेसबुकवर मराठीची काळजी करतो. हे मी स्वतःबद्दलच बोलतेय.

पण मागणी करणाऱ्याने दार पण उघडं ठेवायला पाहिजे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, छान झालं. २०२० पासून सगळ्या शाळांत मराठी शिकवणं कायद्याने बंधनकारक आहे, उत्तम. पण पंचवीस वर्षांचा गवंडी, वॉचमन, डिलिव्हरीवाला, त्याने कुठे शिकायचं? तुमच्या वॉर्ड ऑफिसात संध्याकाळी सात ते नऊ मराठीचा वर्ग भरतो का? भरत असेल तर त्याची पाटी बांधकामाच्या साइटवर लागते का? कानाखाली वाजवून ळ येत नाही. मी शिक्षक आहे, मला माहीत आहे, हसूनही येत नाही.

आणि आपली सरकारी मराठी! 'उपरोक्त विषयान्वये सदर अर्जदाराने विहित नमुन्यात...' हे माझ्या सातारच्या आईला कळत नाही, बिहारच्या माणसाला काय कळणार? सोपी जपानी निघाली परदेशी लोकांसाठी, पण इथल्या म्हाताऱ्यांना आणि ऐकू न येणाऱ्यांनाही तिचा फायदा झाला. सोप्या मराठीचा पहिला फायदा मराठी माणसालाच होईल. रेशनचा फॉर्म, पाणी बंदची सूचना, शाळेचा निरोप, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. यात परप्रांतीयांचे लाड कुठे आले?

दुसरी बाजू राहिली. भाषा आली की सगळं मिळतं, असं जपान सांगतो, पण तसं नाही. घर शोधताना एजंट फोनवर माझं जपानी ऐकून खुश व्हायचा, नाव सांगितलं की 'जरा थांबा' म्हणायचा आणि मग घरमालकाला परदेशी भाडेकरू नको असायचा. हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या न्याय मंत्रालयाच्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी ३९ टक्क्यांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता. परदेशी मुलांच्या आईबापांवर त्यांना शाळेत घालायचं कायद्याचं बंधनच नाही. २०१९ च्या पाहणीत साडेएकोणीस हजारांच्या आसपास परदेशी मुलं शाळेत नसावीत किंवा त्यांचा ठावठिकाणा नाही, असं निघालं. आपल्या आरटीईला आपण नावं ठेवतो, पण त्यात 'प्रत्येक बालक' असा शब्द आहे. तो बिहारचा मुलगाही त्यात बसतो.

आणि माझ्या पेशातली गोष्ट. १९९१ च्या एका सरकारी पत्रकाने परदेशी नागरिकांना सरकारी शाळेत कायम नोकरी खुली केली, पण बहुतेक ठिकाणी पद 'क्योयु' म्हणजे शिक्षक नाही, 'कोशि' म्हणजे अधिव्याख्याता. परीक्षा तीच, काम तेच, पण मुख्याध्यापक होता येत नाही. याचा फटका माझ्यासारख्या कालपरवा आलेल्यांना नाही, कोरियन वंशाच्या लोकांना बसतो, ज्यांचे आजोबा-पणजोबा इथे आले आणि जे स्वतः इथेच जन्मले. आपले पुराणिक योगेंद्र २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक झाले, पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. आपण सगळ्यांनी ती बातमी अभिमानाने फिरवली. पण त्याआधी त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलेलं होतं, हे फिरवताना कुणी लिहिलं नाही. दार तिथून उघडतं.

म्हणून स्टेशनबाहेरचं भाषण ऐकून मला राग आला तरी नवल वाटलं नाही. स्वस्तात काम करायला माणसं हवीत, शेजारी मात्र नकोत, ही भूक-लाज दोन्ही देशांत सारखी आहे. आमच्या स्टाफरूममध्ये निवडणुकीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. फक्त निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या वर्गशिक्षिकेने माझ्या टेबलावर गोड बीन्सचा एक पेढ्यासारखा पदार्थ ठेवला आणि 'ऊन फार आहे ना' म्हणाली. त्याचा अर्थ मी माझ्या परीने लावला, चुकीचाही असेल.

पहिली तीन वर्षं माझ्या बुटांच्या खणावर नाव नव्हतं, नुसतं 'एएलटी' लिहिलेलं होतं. चौथ्या वर्षी कुणीतरी तिथे 'कारे' अशी चिकटपट्टी लावली. मार्चमध्ये करार संपेल, मग ती निघेल की राहील ते एप्रिलमध्ये कळेल. नेपाळचा पोरगा आता माध्यमिक शाळेत गेलाय. मागच्या आठवड्यात रस्त्यात भेटला, सोबत मित्र होते, माझ्याशी जपानीतच बोलला, फार चांगलं बोलला, आणि हिंदी येत नसल्यासारखं दाखवलं. मी पण मग जपानीतच बोलले.

भोसरी, चाकण, वाळूज, तारापूर भागात शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या वर्गात 'सालेत जातो' म्हणणारं पोरगं असेलच. तुम्ही काय करता, मला लिहा. सोप्या जपानीचे नियम मी मराठीच्या अंगाने उतरवून काढलेत, दोन पानं आहेत, शाळेच्या सूचना लिहिताना उपयोगी पडतील. ज्यांना हवेत त्यांना पाठवते.